सरांची खाट अंगणात आली

लातुरात विज्ञानाचा मास्तर असून क्लास न घेणारा माणूस म्हणजे पक्का संशयित. तेव्हा आमच्या गल्लीत इतके क्लास निघाले होते की म्हशीसुद्धा बॅच बघून गोठ्यात शिरायच्या. आणि निटूरे सर? शाळेतून आले की दार बंद. मी समोरच राहायचो, त्यामुळे पाळत ठेवणं ओघानंच माझ्याकडं आलं.

“पुस्तक लिहून राहिलो, आप्पा,” ते सांगायचे. “जमीन का हलते, साध्या माणसाला कळंल असं.”

भूकंपाला जेमतेम चार महिने झालेले. जमिनीवर पुस्तक लिहिणाऱ्याला पुढच्या धक्क्याची वेळ ठाऊक नसेल, हे कोण मानणार?

घर दोन खोल्यांचं, लेकरं तीन. सर पान लिहायचे आणि रांगती मुलगी ते चघळायची. वहिनी म्हणायच्या, “पृथ्वीच्या पोटातलं सगळं कळतंय ह्यांना, लेकराच्या पोटात दुखून राहिलंय ते कळत न्हाई!”

एका रविवारी सकाळी सरांनी खाट, स्टोव्ह, वहिनी आणि तिन्ही लेकरं अंगणात आणून ठेवली आणि स्वतः आत जाऊन बसले. मी बोंब ठोकली. अर्ध्या तासात अख्खी गल्ली सरांच्या घराशेजारच्या मैदानात! गाद्या, लोणच्याच्या बरण्या, टीव्ही, अर्धी हळद लागलेला एक नवरदेव. क्लासवाल्यानं फळाही उचलून आणला. बॅच मोडू दिली नाही.

गलका ऐकून सर बाहेर आले.

“लेकरं बाहेर काढली अन् आम्हाला पत्ता न्हाई?” मी गरजलो.

“अहो, शेवटचं प्रकरण लिहायला शांतता पाहिजे होती!”

कोण ऐकतो! शेजारची म्हातारी म्हणाली, “मास्तर, येळ तेवढी सांगा. डाळ शिजवून घेते.”

सर हसले नाहीत. लोकांची भीती जावी म्हणून पुस्तक, आणि पुस्तकापायीच गल्ली भ्यालेली. त्यांनी खाट उचलून आत नेली.

“अन् प्रकरण?” वहिनींनी विचारलं.

“लेकरांच्या गोंधळात लिहीन.”

दार सताड उघडं टाकून, मुलीला मांडीवर घेऊन ते लिहायला बसले. ते बघून एकेक जण घरी परतला. मी मात्र खिडकीशी गेलोच.

“सर, खरं सांगा. येळ ठाऊक न्हाई?”

“कुणालाच नसते.”

“मग घरात कशाच्या भरवशावर बसलात?”

“भूकंपावर कशाला पाळत ठेवता, आप्पा? भिंतीवर ठेवा. जीव भिंत घेते.”

घरी येऊन मी पहारीनं माझीच भिंत टोकरली. दगडांच्या मध्ये नुसती भुसभुशीत माती. त्या उन्हाळ्यात ती उतरवली.

पुस्तक निघालं. मग लेकरांच्या शिक्षणासाठी सर नांदेडला गेले. विजेवर दुसरं पुस्तक लिहायचं होतं; “पोरं मोठी होऊ द्या,” म्हणायचे. पोरं मोठी झाली, डॉक्टर झाली. सर गेल्या वर्षी वारले.

वहिनींना भेटायला मी नांदेडला आलोय. त्या सांगतात, दुसऱ्या पुस्तकाचं एक पानसुद्धा लिहिलं नव्हतं. माझा विश्वास नाही. सरांच्या खाटेखालची लोखंडी पेटी स्वतः उघडून बघितल्याशिवाय मी नांदेडहून हलणार नाही.