ऑर्फाबाईंच्या पाच पायऱ्या

आमच्या केलर्सबर्गमध्ये एकही लढाई झाली नाही, की कुणी मोठा माणूस जन्मला नाही. तरी दर शनिवारी वॉलनट स्ट्रीटवर लोक माना वर करून घरं बघत हिंडतात, ते माझ्या शेजारी राहणाऱ्या ऑर्फा प्रिचेटबाईंमुळे. एकतीस वर्षं त्यांनी पाहुण्यांना गावाचा इतिहास सांगत हिंडवायची ही फेरी चालवली. इतिहास कमी पडला की बाई घरून आणायच्या. जुन्या बँकेत भूत, चर्चच्या घंटेला बंदुकीच्या गोळीचा पोचा. आणि यादवी युद्धात जनरल टास्कर म्हणे त्यांच्याच घराच्या पाच दगडी पायऱ्यांवरून गडगडला आणि त्याचा पाय मोडला. ही थाप त्यांनी एका भिजट शनिवारी मारली, कारण बँकेपर्यंत चालायचा कंटाळा आला होता.

थाप फेरीच्या छापील पत्रकात गेली, पत्रकातून पितळी पाटीवर चढली आणि वारसा समितीने पायऱ्यांना संरक्षण दिलं. ही समिती काय चीज आहे ते मला विचारा. माझ्या टपालपेटीचा हिरवा रंग काळाशी विसंगत म्हणून मला तीनदा खरवडायला लावलाय.

यंदा बाईंचे गुडघे गेले आणि चाकांची खुर्ची आली. पायऱ्यांवर लाकडी उतार बसला नाही तर मुलगी त्यांना दूर फीनिक्सच्या वृद्धाश्रमात नेणार होती. मागचं दार थेट ओढ्यावर उघडतं, त्यामुळे तीही वाट बंद. समितीने अर्ज फेटाळला. जनरलच्या पायऱ्या झाकता येणार नाहीत, असं कळवलं.

मग मी आणि पोस्टमनने त्यांना खुर्चीसकट उचलून खाली उतरवलं आणि सभेला नेलं. अध्यक्ष वेंडेल क्राउस, म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर.

"वेंडेल, तो जनरल मी बनवलाय," बाई म्हणाल्या. "असा कुणी नव्हताच."

वेंडेल कळवळला. "वय झालं की होतं असं, ऑर्फाबाई. पत्रकात स्पष्ट लिहिलंय."

"पत्रक मीच लिहिलंय, बाबा."

"म्हणून तर! तुमच्याइतकं जाणकार गावात आहे कोण?" आणि त्याने बाईंचंच पान बाईंना प्रेमाने वाचून दाखवलं.

संपलं सगळं, असं मला वाटलं. मग बाई ताठ बसल्या आणि त्यांचा शनिवारचा आवाज लागला. पाय मोडल्यावर जनरल सहा आठवडे त्यांच्या घरी मुक्कामाला होता, सैनिकांनी पायऱ्यांवर ओकचा उतार बांधला, त्यावरून त्याला हातगाडीत बसवून रोज हवा खायला न्यायचे.

वेंडेलने पेन काढलं. "रुंदी किती होती?"

"छत्तीस इंच. दोन्ही बाजूंना कठडा."

जनरलचा उतार पुन्हा बांधायचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी हसून हसून बेजार. बाई मात्र घराच्या दारापाशी आल्यावर म्हणाल्या, "चारचौघांत पहिल्यांदा खरं बोलले रे, नॉर्बर्ट. एकालाही पटलं नाही." मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

महिन्याभरात उतार झाला. उद्घाटनाला वेंडेल जनरलच्या गणवेशात आला, पायाला प्लास्टर आणि कमरेला तलवार. त्याला हातगाडीत बसवून तीनदा खाली आणलं, कारण पहिल्या दोन फोटोंत त्याचे डोळे मिटले होते. ऑर्फाबाई दारात खुर्चीत बसून आपली पाळी यायची वाट बघत होत्या.