गजकर्ण आणि लेकीचं पहिलं बाळंतपण

मे महिन्याच्या घामात माझ्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली पहिला चट्टा उठला. रुपयाएवढा गोल, कडेने लाल. गजकर्ण आम्हा रत्नागिरीकरांना काही नवं नाही, पण नेमके तेव्हाच लेकीला दिवस होते. तिला दापोलीला दिलेली. ती बाळंतपणाला माझ्याकडे येणार, श्रावणात बाळ होणार आणि त्याला तेल लावून न्हाऊ मी घालणार, हे ठरलेलं. वाडीतली कितीतरी पोरं माझ्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. मग माझ्या नातवाला दुसरं कोण हात लावील?

शेजारीण म्हणाली, टाकळ्याचा पाला वाटून लाव. पावसाआधी टाकळा कुठला उगवायला! औषधाच्या दुकानात गेले. कंबर कुणाला दाखवायची, म्हणून नुसतं खाजेची ट्यूब द्या म्हटलं. त्याने दिली. दोन-चार दिवसांत खाज गायब, चट्टाही फिकट. लेकीला फोन करून सांगितलं, ये गो बिनधास्त. उरलेली ट्यूब परत लागली तर असू दे म्हणून कपाटात ठेवून दिली.

पाऊस लागला आणि मेलं दुप्पट जोराने उलटलं. कमरेवरून पोटावर, काखेत, मग दोन्ही हातांवर. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा तेच. कातडी अशी पातळ झाली की नख लागलं तरी रक्त येई.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हात लावला. तिच्यात स्टिरॉइड होतं म्हणे. त्याने खाज दबायची, वरून बरं दिसायचं आणि खाली बुरशी आपली फोफावायची. त्यांनी नुसतं बुरशी मारणारं क्रीम दिलं. दोन वेळा लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेरही लावायचं, डाग गेला तरी मध्येच सोडायचं नाही. कपडे वेगळे धुवा, कडक उन्हात वाळवा. आषाढात! मी म्हटलं, डॉक्टर, मग ऊनही चिठ्ठीवर लिहून द्या. ते हसले. मला मात्र रडू येत होतं. लेक यायच्या आत जाईल का, विचारलं. वेळ लागेल म्हणाले, आणि तोवर तान्ह्या बाळाला हात लावू नका.

घरभर दोऱ्या बांधल्या. परकर पंख्याखाली टाकला की नेमकी लाईट जायची. इस्त्री फिरवून नेसले तरी घटकाभरात कमरेला ओल. क्रीम मात्र एकदाही चुकवलं नाही. आंघोळ करून, अंग कोरडं टिपून लावायची, आणि चट्टे जिथल्या तिथे. हरले मी अगदी. आपलंच अंग आपलं वैरी झालं, आता दाद कुणाकडे मागायची?

डॉक्टर काय म्हणाले ते लेकीला फोनवर सांगितलं होतं. एके दिवशी तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली,

"आई, पहिलं बाळ आहे. मी इथेच थांबते."

मी लगेच हो म्हटलं, उशीर केला असता तर हुंदका फुटला असता. फोन ठेवला आणि चुलीपाशी बसून मनसोक्त रडले. बाळासाठी दुपटी शिवून ठेवली होती, माझ्याच जुन्या मऊ साड्यांची. ती पाठवायचीसुद्धा भीती वाटली.

नातू झाला. बारशाला गेले, लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून. बाळाला न्हाऊ घालणारी बाई विहीणबाईंनी शोधली होती. कोपऱ्यात बसून मी तिचे स्वच्छ हात बघत राहिले, आणि खरं सांगते, मला तिचा राग आला. पाळण्यात घालायच्या आधी विहीणबाईंनी, भली बाई, बाळ माझ्यापुढे धरलं. घ्या आजी, म्हणाल्या. माझे हात आपोआप पुढे झाले.

लेकीने मधल्यामधे बाळ उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

"बरोबर केलंस गो," मी म्हटलं.