अंगणातली होडी

मामांना लकवा झाला, त्याच वर्षी आमच्या तळ्यातलं पाणीही गेलं. मामा म्हणजे माझे सासरे. चौसाळ्याच्या अलीकडच्या तळ्यावर त्यांनी चाळीस वर्षं मासे धरले, मच्छीमार सोसायटीचे ते अगदी जुने सभासद. डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं जरा जड झालं, पण डोकं शाबूत होतं. बीडच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, यांना उठवा, बसवा, हात हलता ठेवा. पडून राहिले तर पडूनच राहतील. आणि मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उठा म्हटलं की एकच उत्तर.

"तळ्यात पानी न्हाई. उठून करू काय?"

तळ्याच्या तळाला भेगा पडल्या तेव्हा सोसायटीने ठराव केला की ज्याने त्याने आपली होडी घरी न्यावी, नाहीतर भंगारवाले उचलून नेतील. आमची होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंगणात आली. चार सभासदांनी ती उतरवून लिंबाखाली दोन जुन्या टायरांवर ठेवली आणि आत जाऊन मामांच्या पाठीकडे बघून दोन शब्द बोलून निघून गेले. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, ही जर्मनची होडी होती. रंग उडालेला, बुडाला पोचे, रिवेट सैल झालेले. मी गेवराईकडची, शेतकऱ्याच्या घरची. मला ती होडी म्हणजे कुणीतरी आपटून आपटून वाकवलेलं मोठं पातेलं वाटली, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता मी कपडे कुठे वाळत घालू?

भंगारवाला आलाच. आतून मामा म्हणाले, "देऊन टाका." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेर गेल्या आणि त्याला असं काही बोलल्या की तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही. मग हात पुसत मला म्हणाल्या, "होडी नीट करायची."

माझा स्वभाव तापट. तेव्हा तर जरा जास्तच होता. टँकर चौथ्या दिवशी येत होता, माझा नवरा परळीला थर्मलवर कामाला, शनिवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे जायचा, घरात पडलेलं माणूस, आणि या बाईला होडी सुचत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, चालवायची कुठं? डांबरी रस्त्यावर?"

"चालवायची म्हनलं का मी? नीट करायची म्हनलं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून सुरू. वाळूने भरलेली पिशवी बाहेरून पोच्याला लावून आतल्या बाजूने लाकडी ठोकणी मारायची, तसे काठावरून वाकून हात पोचेल तेवढे पोचे त्यांनी काढले. पॉलिश पेपरने घासून घासून त्यांच्या बोटांची सालं गेली. रंग आणायला मी चौसाळ्याला गेले, तर दुकानदार म्हणाला, "बाई, जर्मनवर रंग धरत न्हाई, आधी प्रायमर मारा. कपाट हाय का?" मी म्हटलं, होडी. त्याने माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, आणि प्रायमरसोबत निळा डबा काढून दिला.

आता एक सांगायला हवं. आमच्या घरात बायका होडीत पाय ठेवत नाहीत. जाळी विणायची बायकांनी, मासे निवडायचे बायकांनी, बाजारात पाटी घेऊन बसायचं बायकांनी, पण होडीत पाय नाही. का, ते कुणी सांगत नाही. विचारलं तर "आपल्यात चालत न्हाई" एवढंच. आत्याबाई चाळीस वर्षं काठावर उभ्या राहून मामांची वाट बघत आल्या होत्या, होडीत एकदाही बसल्या नव्हत्या. त्यामुळे झालं असं, की बाहेरून होडी निळीशार, आणि आत वाकून जेवढा हात पोचेल तेवढीच पट्टी साफ. मधला सगळा भाग तसाच काळा, चिखल आणि खवल्यांनी माखलेला. मला ते बघवेना. मी म्हटलं, मी उतरते आत, आणि पाय उचलला. आत्याबाईंनी माझा घोटा धरला.

"आतलं काम त्यांचं हाय," त्या म्हणाल्या. म्हणाल्या मला, पण तोंड होतं दाराकडे, आणि आवाज शेजारच्या गल्लीत जाईल एवढा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना होडी नको होती, माणूस उठायला हवा होता. मी पाय मागे घेतला. पण मामा उठले नाहीत. आठ दिवस अर्धवट होडी तशीच पडून राहिली, आणि रोज सकाळी आत्याबाई तेच वाक्य तेवढ्याच मोठ्याने म्हणायच्या. मला त्यांची दया यायची आणि मामांचा संताप. एकदा मी मामांच्या पुढ्यात चहा आदळला, तरी ते हलले नाहीत.

शेवटी आत्याबाईंनी बाहेरचं उरलेलं काम हातात घेतलं. पत्र्याचे सांधे आणि रिवेट यांवर डांबर. दरवर्षी तळ्याकाठी चूल मांडून त्या डांबर वितळवायच्या आणि मामा ते लावायचे, तसंच त्यांनी अंगणात केलं. निळ्यावर काळ्या रेघा, हात अगदी सरळ. खरं सांगते, होडी सुंदर दिसली. मी माझ्या बऱ्या अक्षरात पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाने सोसायटीचा नंबर घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डांबर उतरलं. लिंबाची सावली सरकलेली, चैत्राचं ऊन थेट पत्र्यावर, आणि सगळे सांधे पाझरून निळ्या रंगावरून काळे ओघळ खाली आलेले. माझा नंबरही त्यात गेला. आत्याबाईंनी पदराने एक ओघळ पुसायला बघितलं तर तो आणखी पसरला. मग त्या टायराला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, तळं आटलं तेव्हा रडल्या नव्हत्या. हमसून हमसून, लहान पोरीसारख्या.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग काठीचा. बीडहून आणलेली ती काठी तोवर कोपऱ्यातच उभी होती. मामा पाय ओढत दारापर्यंत आले, चौकट धरून उभे राहिले. धोतर सुटायला आलेलं, घामाने डबडबलेले.

"कावून रडायलीस?"

"डांबर वितळलं," आत्याबाई म्हणाल्या.

मामा होडीकडे बघत राहिले. "वितळंल न्हाईतर काय हुईल? पान्यात गार ऱ्हातं म्हनून टिकतं ते. एवढ्या वर्सांत होडी कवा उन्हात ठिवलीती का आपन?" मग म्हणाले, "लई येडी हायस. खुरपं आन."

आम्ही दोघींनी त्यांना होडीत चढवलं. आत्याबाई बाहेरूनच हात देत होत्या, तेव्हाही पाय आत टाकला नाही. त्या दिवसापासून मामा सकाळी सावली असेतो होडीत फळीवर बसून काम करायचे. उजव्या हाताने खरवडायचं, डाव्याने नुसतं दाबून धरायचं, आणि डावा घसरला की आत्याबाई बाहेरून तो उचलून पुन्हा जागेवर ठेवायच्या. बाहेरचं डांबर आम्ही दोघींनी काढलं. मामांनी सांधे एम-सीलने बुजवले. दिवसभर आम्हाला शिव्या. प्रायमर पातळ झाला, ब्रश कुणी वाळवला, हिला गेवराईत काय शिकवलं. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. महिनाभराने डाव्या हाताची दोन बोटं ब्रशभोवती मिटायला लागली. शनिवारी नवरा परळीहून आला आणि वडिलांना होडीत बसून ओरडताना बघून फाटकाबाहेरच उभा राहिला. त्याचे डोळे भरलेले मला दिसत होते.

होडी गळते का, ते बघायचं तर पाणी हवं. तळ्यात उलट सोपं असतं, होडी पाण्यात टाकायची. इथे पाणी होडीत टाकायचं होतं. पंधरा दिवस आम्ही अंघोळीचं आणि भांडी विसळलेलं पाणी बॅरलमध्ये साठवलं. शेजारणी हसल्या, पण दोघींनी आपापली बादली आणून ओतली. रविवारी सकाळी मामा आधीच होडीत जाऊन बसले, "मला आत ऱ्हाऊ द्या" म्हणाले. मी आणि नवऱ्याने बॅरल रिकामं केलं. चार बोटं पाणी चढलं, गढूळ, साबणाचा वास असलेलं. मामांनी उजवा पाय त्यात ठेवला, मग हाताने डावा पाय उचलून तोही शेजारी ठेवला.

मी खडू आणि दोन वाट्या घेऊन होडीखाली वाकले होते, थेंब दिसेल तिथे खूण करायला आणि पाणी धरायला.

"ये," मामा म्हणाले.

आत्याबाईंना वाटलं त्यांना उतरायचं आहे. त्या हात पुढे करून आल्या.

"उतरायचं न्हाई मला. तू ये. आत."

"मी? अहो, आपल्यात..."

"तळ्याला पानी येईल तवा मी असंन नसंन. ये म्हनलं ना."

आत्याबाईंनी आमच्याकडे बघितलं. नवरा दुसरीकडे बघायला लागला. त्यांनी लुगडं पोटऱ्यांपर्यंत उचललं, एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि समोरच्या फळीवर बसल्या. होडी टायरांवर किंचित हलली. त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही काठ गच्च धरले.

"भिऊ नको," मामा म्हणाले, "मी हाय की."

त्या क्षणी मला आत्याबाईंचा हेवा वाटला. खाली दोन जागी पाणी ठिबकत होतं. गळतंय म्हटलं असतं तर दोघं लगेच उठले असते. मी खडू मुठीत धरला आणि थेंबांखाली हळूच दोन्ही वाट्या सरकवल्या.