खरपूस ढेप

पाचव्यांदा टेस्ट लावली, तरी ढेपेतलं प्रोटीन बरोबरच आलं. क्वालिटीवाल्या बाईनं खूश व्हायला हवं. मी वैतागले.

जळगावजवळच्या आमच्या कारखान्यात सरकीचं तेल काढतात. उरते ती ढेप, म्हशींचा खुराक. लॅब अठरा वर्षं माझ्याकडे. स्वप्नील नवा प्रॉडक्शन मॅनेजर. तेल काढण्याआधी सरकी शिजवतात, त्या कुकरचं टेंपरेचर त्यानं वाढवलं. ढेप तांबूस, खरपूस निघाली. गिऱ्हाईक नुसत्या वासावर गोणी उचलू लागलं.

"मॅडम, अठरा वर्षांत असा वास आला होता का?" मालक, म्हणजे नाना, चारचौघांत म्हणाले.

"म्हशीला घालायचीय नाना, पाहुण्यांना नाही."

सगळे हसले. स्वप्नीलही मोकळेपणानं हसला. ते जास्त लागलं. तेव्हापासून त्याचं सॅम्पल नापास करायच्या मागेच होते मी.

मग पारोळ्याहून अक्कांचा फोन आला. त्यांच्या आठ म्हशी. त्यांच्या शब्दावर अर्धं गाव आमची ढेप घेतं.

"बाई, वास भारी शे. म्हशी बठ्ठी ढेप खातस. पन दूध कमी व्हयनं. आम्ही आते दुसरी लेतस."

"सगळी ढेप खातात, तरी दूध कमी? दुसरी घेऊ नका, पंधरा दिवस थांबा, अक्का."

गोठ्यात जाऊन पाहिलं. चारा तोच, पाणी तेच. बदलली होती फक्त ढेप.

नेहमीची टेस्ट नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीन काढते. करपलेलं प्रोटीनही त्यात धरलं जातं. म्हशीला मात्र ते पचत नाही, शेणात जातं. त्यासाठी वेगळी टेस्ट असते: ढेप ॲसिडमध्ये उकळायची, उरलेल्या चोथ्यात किती प्रोटीन अडकलंय ते बघायचं. बरंच अडकलं होतं. रिपोर्ट घेऊन मी जवळजवळ पळतच नानांच्या केबिनमध्ये गेले.

तिथेच बसलेल्या स्वप्नीलनं तो शांतपणे वाचला. "कुकर कितीवर ठेवू, मॅडम?"

"पूर्वीइतकाच."

"पण थोडी उष्णता हवी ना? त्यानं प्रोटीन म्हशीच्या पहिल्या पोटातल्या जंतूंपासून वाचतं, पुढे आतड्यात पचतं."

बरोबर होतं. आम्ही मधल्या टेंपरेचरच्या तीन बॅच काढल्या, तिन्ही तपासल्या, एक निवडली. अक्कांच्या म्हशी पूर्वीपेक्षा थोडं जास्तच दूध देऊ लागल्या. गावचं गिऱ्हाईक टिकलं. नानांनी पाठ थोपटली ती स्वप्नीलची.

ॲसिडची टेस्ट मला पहिल्या दिवसापासून येत होती. पण ढेपेत काय बिघडलंय ते शोधतच नव्हते मी; स्वप्नीलला पाडायचं होतं. म्हणून एकच टेस्ट पाच वेळा केली.

आता लॅबमध्ये येणाऱ्या सॅम्पलवर फक्त नंबर असतो. बॅच कोणाची, ते रिपोर्टवर सही झाल्यावर बघायचं. नियम मीच केलाय.