काकूंची दुर्बीण

ऑगस्ट २००६, अटलांटा विमानतळ. हजर: भारतात निघालेली माझी जाऊ, तिला सोडायला आलेली मी आणि शेजारच्या बाकावर आफ्रिकेच्या सफारीला निघालेलं एक अनोळखी मराठी जोडपं.

तिथे एका कॅम्पहून दुसऱ्या कॅम्पला छोट्या विमानानं जायचं, म्हणून सामान मोजकंच. काकांनी काटा लावून बॅग तोलली. जड भरली. त्यांनी स्वतःच्या तिन्ही लेन्स ठेवल्या आणि काकूंची दुर्बीण बाहेर काढली.

"काका, एक लेन्स काढा की!" मी चिडून म्हटलं.

"अहो, मी फोटो काढणारच आहे. हिला घरी येऊन निवांत बघता येईल."

काकूंनी ओढणीनं काचा पुसल्या आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. "सांभाळाल?"

पत्ता विचारायच्या आत काका त्यांना घेऊन गेलेसुद्धा. माझा संताप अजून उतरलेला नाही. दुर्बीण परत करायची राहिली आहे, आणि ती मी काकूंच्याच हातात देणार.