मॅडमचं बोट आन् माझा अंगठा

चाकणच्या कंपनीत मी क्रेन चालवायचो. म्हंजे खाली उभा राहून हातातल्या रिमोटची बटणं दाबायचो. शाळा चौथीत सुटली, पन डावं-उजवं कळायचं. समोर जोडीदार बोट हलवंल तिकडं माल न्यायचा. बायकोचं कधी ऐकलं न्हाई एवढं त्याच्या बोटाचं ऐकलं.

एक दिवस माल अडकवलेला पट्टा तुटला आन् पत्र्याचा रोल त्याच्या पायावर आला. तो वाचला, पन लंगडा झाला. मला ओरखडाबी न्हाई, तरी कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली मी. तो फोन करून रहाटणीला घरी बोलवायचा. आमच्या काळेवाडीतनं हाकेवर, पन माझी छाती व्हईना. बटण दाबलेलंच ठेवून त्याचा पाय मीच घालवला, तोंड काय दाखवू?

शेवटी बायकोनं धरून पिंपरीतल्या मनाच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. त्या म्हणाल्या, तो प्रसंग मनात आणा आन् माझ्या बोटामागं नजर फिरवा, मान हलवू नका. मला वाटलं, चष्म्याचा नंबर काढतात. म्हनलं, मला वाचताच येत न्हाई, चष्मा कशाला? त्या हसल्या. मग समजावलं, की वाईट आठवण डोक्यात कच्चीच अडकते, म्हणून रोज आत्ताच घडल्यासारखी वाटते. आठवताना नजर अशी फिरवली की ती हळूहळू मागं सरकते. नक्की कशानं, ते डॉक्टर लोकांनाबी पुरतं ठाऊक न्हाई. मला धीर आला. मलाबी कशातलं काई पुरतं ठाऊक नसतं.

बोट फिरायचं, थांबायचं. आता काय दिसतंय? तुटका पट्टा. परत बोट. असं बऱ्याच बैठका चाललं. एकदा मॅडम माझ्या हाताकडं बघायला लागल्या. त्यांचं बोट जाईल तसा माझा अंगठा मांडीवर दाबत होता. लाज वाटली राव.

"मॅडम, सवय हाय. तुमी माझी क्रेन हलवताय."

"हलू दे. पुढं काय होतंय ते बघा."

पुढं जोडीदाराची मूठ वर गेली. थांबायची खूण. आन् माझा अंगठा बटणावरनं उचललेला. मी असा रडलो की बाहेर बसलेली बायको आत आली.

पन माझ्या डोक्याचा काय भरवसा? म्हणून तसाच रहाटणीला गेलो. त्याला विचारलं, पट्टा तुटला तवा क्रेन चालू होती का?

"थांबलेली व्हती की. हेच सांगाया कवाधरनं बोलवतोय तुला, येड्या."

त्यानं पाय स्टुलावर टाकला आन् बोटानं स्वयंपाकघराकडं खूण केली. मी उठलो आन् चहा ठेवला.