सोवळ्यातली मसल कार

बातमीदारीत एक गंमत असते. छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, आणि जी छापता येत नाही ती डोक्यात साचत राहते. माझ्या डोक्यात सध्या सगळ्यात मोठा ढीग आहे तो विनू मोघेच्या गाडीचा. दर रविवारी सकाळी रामनगरला चहाच्या टपरीवर आम्ही तिघं जमतो: मी, विनू आणि आमचे शेजारी तिवारीजी. आणि दर रविवारी त्या ढिगात भर पडते!

विनू माझा शाळासोबती. घर बालाजी घाटाजवळ, घराणं भिक्षुकीचं. हा मात्र इंजिनियर झाला, बरीच वर्षं दुबईत राहिला, आणि आईसाठी काशीला परत आला. आल्या आल्या त्याने घेतली एक अमेरिकन मसल कार. लालभडक रंग, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, आणि आवाज असा की छातीत ढोल वाजतो! आमच्या गल्लीत सांड आडवा उभा राहिला तर माणसाला मागे फिरावं लागतं. तिथे ही कुठून शिरणार? म्हणून गंगेपलीकडे, रामनगरात, लाकडाच्या एका जुन्या वखारीत तिची सोय झाली.

पहिल्याच रविवारी मी हात चोळत विचारलं, "चल, कुठे जायचं?"

"कुठेच नाही," विनू म्हणाला. "ही चालवायची नाही, ठेवायची आहे. आता सगळं इलेक्ट्रिक होणार. असलं इंजिन पुन्हा बनणार नाही. वीस वर्षांनी लोक हिच्यासाठी रांग लावतील."

"वीस वर्षांनी तूच रांगेत असशील, मणिकर्णिकेवर, सरणासाठी!" मी भडकलो.

तिवारीजींनी चहाचा घोट घेतला. "गुरू, वहाँ भी वेटिंग चलती है!"

*

ठेवायची म्हणजे कशी, ते ऐका. वखारीच्या दारात चपला काढायच्या. पान खाऊन आत यायचं नाही. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करायचं, तेही जागच्या जागी. चारशे घोड्यांची ताकद, आणि घोडे तबेल्यात उभे!

एकदा तिवारीजींनी बोलता बोलता बॉनेटवर हात टेकला, तर विनू फडकं घेऊन धावला. तिवारीजींचा सगळा जन्म मराठी शेजारात गेलेला. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही हे त्यांना पाठ. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी गाडीलाच हात जोडले.

"क्षमा करिए महराज! आप सोवळे में हैं, हमको पता नहीं था!"

मी हा किस्सा विनूच्या आईला सांगितला. काकू ऐंशीच्या घरातल्या, अजूनही पहाटे घाट उतरून गंगेवर जाणाऱ्या आणि सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या. वाटलं, चिडतील. त्या शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या, "सोवळं नेसतात ते स्वयंपाकाला. याचा स्वयंपाक कधी होणार, ते विचार त्याला."

*

हिवाळ्यात कँटोन्मेंटकडे शौकिनांच्या जुन्या-नव्या गाड्यांचा मेळावा भरला. विनूने गाडी नेली. पण चालवत नाही! ट्रकवर चढवून! कारण मीटर पुढे सरकायला नको.

तिवारीजी आले वडिलांची जुनी अँबॅसडर घेऊन. तिला पोचे किती, काही विचारू नका. तिवारीजी एकेका पोच्यावर बोट ठेवून सांगत होते, "ये भैया की शादी में लगा. ये साँड ने मारा. और ये... ये हमारी श्रीमतीजी ने सीखते समय." भोवती ही गर्दी!

विनूच्या गाडीपाशीही गर्दी होती, पण सेल्फीवाल्यांची. शेवटी एक सभ्य गृहस्थ पुढे आले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि अदबीने विचारलं, "भाईसाहब, बारात के लिए मिलेगी?"

विनूचा चेहरा गाडीपेक्षा लाल!

मला संधीच मिळाली. "अरे, जुन्या गाड्यांना किंमत का आली? लोकांनी त्या पळवल्या, ठोकल्या, भंगारात घातल्या. त्यातून वाचल्या त्या दुर्मीळ ठरल्या. आता जगभर तुझ्यासारखे शहाणे गाड्या गुंडाळून बसलेत. सगळ्यांनीच जपल्या तर दुर्मीळ काय राहणार, कपाळ?"

"आणि तुझ्यासारखे सगळे पळवून संपवतील, तेव्हा माझी एकटीच उरेल, त्याचं काय?"

खरं सांगतो, मुद्दा त्याचा बिनतोड होता. म्हणून मी आवाज वाढवला. त्यानेही वाढवला. शेवटी एक पोलीस चौकशीला आला.

"कुछ नहीं साहब," तिवारीजी म्हणाले, "दोनों बचपन के दोस्त हैं!"

*

भाद्रपद तोंडावर आला आणि एका रविवारी गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या कुशीत उंदराचं घरटं! वायरी कुरतडलेल्या, आणि गाडीच्या मऊ कव्हरची गादी करून महाराज आत विराजमान.

"गणेशजी का वाहन, आपके वाहन में!" तिवारीजी हसून हसून बाकावर आडवे झाले.

विनू विष आणायला निघाला. काकूंना फोनवर कळलं तेव्हा त्या कडाडल्या, "चतुर्थी चार दिवसांवर आलीय आणि उंदीर मारतोस? खबरदार!"

मग चाळीस लाखांवरच्या गाडीचा मालक पिंजरा घेऊन दोन दिवस बसला. वायरी नव्या घातल्या, आणि सापडलेला उंदीर नदीकाठी सोडताना मला राहवलं नाही.

"विनू, त्याला नमस्कार कर. या गाडीचा कोणी उपयोग केला असेल, तर त्यानेच!"

*

नवरात्राच्या आधी काकूंनी माझ्या आणि तिवारीजींच्या देखत सरळच विषय काढला. "विनू, मला विंध्याचलला देवीला जायचंय. तुझ्या गाडीतून."

"आई, एसी टॅक्सी करतो ना."

"टॅक्सी तर तू दुबईत होतास तेव्हाही मिळत होती."

विनू म्हणाला, "आई, एकदा मीटर फिरला की गेलं. थोडं थांब."

"मी थांबू?" काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "पूजा होत नसेल तर मूर्ती घरात ठेवत नाहीत, बाळा. गंगेत सोडतात."

तिवारीजींनी हळूच घसा साफ केला. "पुल तो पास में ही है..."

*

आणि मग जयपूरहून शेठजी आले. खरेखुरे संग्राहक! त्यांनी वाकून, झोपून, टॉर्च मारून गाडी पाहिली. प्लॅस्टिक पाहून तर त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "ऐसी अनछुई गाड़ी मैं दो साल से ढूँढ रहा हूँ. काँच के कमरे में रखूँगा. बस, शाम को कागज़ होने तक मीटर जितना है, उतना ही रहे."

वीस वर्षं कशाला, तोंडाला येईल तो भाव आताच मिळत होता. विनू जिंकला होता! "बोल आता, पत्रकार!" तो नाचायचाच बाकी होता. मी खरंच गार पडलो. शेठजी तिवारीजींबरोबर टपरीवर चहाला गेले.

तेवढ्यात काकू आल्या, नावेतून गंगा ओलांडून, हातात हळदकुंकवाची कोयरी घेऊन. सासरी जाणाऱ्या मुलीला लावावं तसं त्यांनी बॉनेटला कुंकू लावलं. विनूने फडकं उचललं, आणि तसंच हातात धरून उभा राहिला.

"आत बसू का रे? नुसती बसते."

विनूने दार उघडलं. काकू बसल्या आणि हळूहळू पुढे घसरू लागल्या.

"हे प्लॅस्टिक काढ. नऊवारी टिकत नाही यावर."

विनूने हातातलं फडकं बाजूला टाकलं. मग त्याने ते प्लॅस्टिक टरकन फाडलं!

मी गुडघे हनुवटीला लावून मागच्या सीटवर कोंबून बसलो. "आई, पट्टा लाव," विनू म्हणाला, आणि पुढच्या क्षणी ते इंजिन असं गरजलं की वखारीवरची कबुतरं उडाली!

काय पळाली गाडी! ट्रक मागे, बस मागे, झाडं मागे! काकूंचा पदर, केस, कशाचा कशाला मेळ नाही. विनू शाळकरी पोरासारखा ओरडत होता, आणि मी त्याच्याहून मोठ्याने!

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. शेठजींचा आवाज चारही बाजूंनी आला. "मोघे साहब? गाड़ी नहीं दिख रही!"

विनूचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सैल पडला. काकू पुढे वाकल्या आणि आवाज कुठून येतोय ते न कळल्यामुळे समोरच्या काचेशी बोलल्या, चांगल्या ठणठणीत आवाजात:

"चुनार पीछे छूट गया, सेठजी! आप चाय पीजिए, हम विंध्याचल होके आते हैं!"

मग विनूकडे वळून म्हणाल्या, "हळू का केलीस?"